तंटा मिटवायचं शिक्षण कुठे मिळतं?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या गावच्या तंटामुक्त समितीत मी तीन वर्षांपासून आहे. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात ही मोहीम सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते. गावाला पुरस्कार मिळाल्याचा फलक अजून वेशीवर आहे. मोहिमेचा तेव्हाचा जोर आता नाही, तरी आमच्याकडे समिती बसते. बांध कोरला, पाणंद अडवली, शेळ्या पिकात शिरल्या, दारू पिऊन शिवीगाळ, सासू-सून. महिन्याला दोन-तीन प्रकरणं येतातच.

दोन वर्षांपूर्वीचं एक प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. नवरा वारलेली बाई, पदरात दोन मुली, दिराशी वाटणीचा वाद. समिती पारावर बसली ती संध्याकाळी सहाला, उठली रात्री अकराला. शेवटी स्टँप पेपरवर लिहून झालं की दिरानं एकरकमी पैसे द्यायचे आणि तिनं हक्क सोडायचा. तिनं सही केली, नारळ फुटला, पेढे वाटले. रजिस्टरात नोंद झाली, 'तंटा मिटला'. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

घरी आल्यावर आठवून पाहिलं. पाच तासांत ती तीनदा बोलली होती. दोनदा "तुम्ही म्हणाल तसं" आणि एकदा "पोरी घरी एकट्या आहेत, जाऊ का". समितीत बाई मी एकटीच आणि मी तिच्या शेजारीही बसले नव्हते. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. समोरून येताना दिसले की रस्ता बदलते.

आम्ही कुणीच वाईट हेतूनं बसलो नव्हतो. पण शिकवलं कुणी होतं? शासन निर्णय वाचला, नमुने भरायला शिकलो, तेवढंच. नर्सला शिक्षण लागतं, वायरमनला लागतं. दोन माणसांच्या भांडणात हात घालायला नको? असं शिक्षण कुठे मिळतं, त्यात नेमकं काय शिकवतात, आणि गावात राहणाऱ्या माझ्यासारखीला ते मिळेल का? ज्यांनी घेतलंय त्यांनी जरूर लिहा.

सोनकी
ताई, टाळ्यांबद्दल लिहिलंत, त्याबद्दल आभार. वाचतेय.

कोर्टकचेरी
मी वकील आहे आणि प्रशिक्षित मध्यस्थही. आधी शिक्षणाबद्दल. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीचा अभ्यासक्रम ४० तासांचा आहे. मी तो केला तेव्हा वकिलीत बारा वर्षं झाली होती आणि वाटत होतं की यात नवं काय असणार. पहिल्याच दिवशी कळलं की मला ऐकता येत नाही. समोरचा बोलत असताना मी मनात उत्तर जुळवत असायचो. त्या ४० तासांतला मोठा भाग लुटुपुटीच्या प्रकरणांचा असतो. एक जण नवरा, एक बायको, एक मध्यस्थ आणि बाकीचे नुसते बघणारे. नंतर बघणारे सांगतात की तुम्ही कुणाकडे जास्त वेळ पाहिलंत, कुणाचं वाक्य मध्येच तोडलंत.

लवाद निर्णय देतो, मध्यस्थ देत नाही. दोघांना एकत्र बसवायचं, मग वेगवेगळं भेटायचं, वेगळ्या भेटीत सांगितलेलं त्यांच्या परवानगीशिवाय दुसरीकडे न्यायचं नाही, आणि कुणी "नको" म्हणून उठलं तर उठू द्यायचं. रानजाई, तुमच्या त्या पाच तासांत कुणी त्या बाईंना पाच मिनिटं बाजूला नेऊन विचारलं होतं का? पारावर सगळ्या भावकीसमोर कुठली बाई मनातलं सांगेल?

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे. वस्तीची शांतता बिघडेल अशा वादात तीन मध्यस्थांचं मंडळ बसवायची तरतूद त्यात आहे. त्यातून झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही, म्हणजे लोकांना तो मनापासून पटला तरच टिकतो. माझ्या मते हे योग्यच आहे.

एक प्रश्न, आणि तो महत्त्वाचा आहे. ते हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं होतं का?

रानजाई
नाही हो. पारावरच लिहिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत समितीच्या कपाटात आहे. का विचारताय?

कोर्टकचेरी
स्थावर मालमत्तेवरचा हक्क सोडायचा दस्त नोंदवावाच लागतो. नोंदणी नसेल तर नुसत्या स्टँप पेपरनं जमिनीतला हक्क सहसा जात नाही. शिवाय १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा आणि मुली दोघीही पहिल्या वर्गाच्या वारस. मुलींचा हिस्सा आईनं पारावर परस्पर सोडून द्यावा, असं होत नाही. कागद पाहिल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. जमलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

संत्रानगरी
मी नागपूरचा. 'हे शिकवता येतं का' या प्रश्नावरून आमच्या शहराची एक गोष्ट सांगतो. आमच्याच लोकांना ती फारशी माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जेम्स लॉसन नावाचा अमेरिकेतला कृष्णवर्णीय तरुण. कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरती नाकारली म्हणून तुरुंगात गेला. सुटल्यावर १९५३ ला मेथडिस्ट मिशनतर्फे नागपूरला आला आणि आमच्या हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षं मुलांना खेळ शिकवत होता. गांधीजींची माणसं तेव्हा हयात होती, वर्धा हाकेच्या अंतरावर. त्यानं सत्याग्रहाचा अभ्यास इथे बसून केला. अमेरिकेत माँटगोमेरीला कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकल्याची बातमीही त्यानं नागपुरातल्या वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची गाठ पडली. त्यांनी सांगितलं, शिक्षण पूर्ण व्हायची वाट पाहू नकोस, दक्षिणेत ये, आत्ताच.

लॉसन नॅशव्हिलला गेला आणि एका चर्चच्या तळघरात त्यानं विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. कुणी हॉटेलातल्या बाकावर बसायचं आणि दुसऱ्यांनी त्याला शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. आपल्याच मित्राला तोंडावर घाणेरडी शिवी देणं हे मार खाण्याइतकंच अवघड असतं. पडताना डोकं कसं वाचवायचं, शेजाऱ्यावर मार पडत असेल तर मध्ये कसं जायचं, नजर कुठे ठेवायची, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतलं. ज्याला आपल्याच्यानं होणार नाही असं वाटलं, त्याला दुसरं काम दिलं. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत नावाजलेली डायन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट ही सगळी त्या वर्गातली मुलं.

१३ फेब्रुवारी १९६० ला ती मुलं दुकानांतल्या गोऱ्यांसाठी राखीव खाणावळींत जाऊन बसली. दोन आठवड्यांनी त्यांच्यावर हल्ला झाला आणि अटक झाली ती मार खाणाऱ्यांनाच. एक तुकडी पोलिसांनी उचलली की रिकाम्या बाकांवर दुसरी येऊन बसायची. एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तेव्हा हजारो लोक एक शब्द न बोलता महापौरांकडे चालत गेले. तिथे डायन नॅशनं महापौरांना विचारलं, माणसाशी केवळ वर्णावरून असं वागणं तुम्हाला स्वतःला योग्य वाटतं का? त्यांना 'नाही' म्हणावं लागलं. १० मे ला त्या खाणावळी सगळ्यांसाठी उघडल्या.

ती मुलं जन्मतः शूर नव्हती. त्यांनी सराव केला होता.

काठावरचा
संत्रानगरी, चांगलं लिहिलंय. पण मला दुसऱ्या बाजूनं बोलायचंय, रागावू नका.

लॉसनची मुलं खाणावळवाल्याशी समेट करायला गेली नव्हती. ती हक्क मागायला गेली होती. आपल्याकडे 'शांतता' म्हटलं की बहुतेक वेळा 'मिटवून घ्या' असतं, आणि मिटवून कुणी घ्यायचं हे आधीच ठरलेलं असतं. माझ्या नात्यातल्या एका मुलाला लग्नाच्या वरातीवरून मारलं. गुन्हा नोंदवायला निघाले तर गावातली वजनदार मंडळी रात्री घरी आली. गावाचं नाव खराब होईल, आपण आपसात मिटवू. जातिवाचक शिवीगाळ आणि मारहाण, हा अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा. तो तडजोडीचा नाहीच. तरी दोन्ही बाजूंना एका सतरंजीवर बसवून हात मिळवायला लावले. एका बाजूकडे ऐंशी एकर आणि गिरणी. दुसरी बाजू त्याच शेतात मजुरीला जाते आणि त्याच गिरणीत दळण टाकते. यात मध्यस्थ मध्ये बसला म्हणजे नेमका कुठे बसला?

बहिष्काराच्या भीतीनं किती माणसं सही करतात, हे ज्यांनी भोगलं त्यांना विचारा. २०१६ साली महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो उगाच नाही.

शिस्तीचं उदाहरण आमच्याकडेही आहे. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. आपली माणसं संख्येनं कमी नव्हती, चिडलेली होती, बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघत होती. त्यांनी हात उचलू दिला नाही. मग खटले लढवले, तळ्याचा दावा थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढून १९३७ ला जिंकला. त्यांनी हात आवरला, हक्क सोडला नाही. रानजाईताई, तुम्ही शिक्षण जरूर घ्या. पण त्यात पहिला धडा कुठली भांडणं मिटवायची नसतात याचा असेल तरच.

कोर्टकचेरी
काठावरचा, एकूण एक शब्द मान्य. प्रशिक्षणात आम्हाला हेच आधी शिकवलं होतं, पण जिल्ह्याच्या ठिकाणी आकडे दाखवायच्या घाईत ते विसरलं जातं. अ‍ॅट्रॉसिटी, बलात्कार, हुंडाबळी, बालविवाह ही समितीपुढे घ्यायची प्रकरणंच नाहीत. कुणी आणली तर तिथल्या तिथे उठायचं आणि पीडिताला पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करायची. तीच तेव्हाची मदत.

खाकी२९
निवृत्त पोलीस अधिकारी. माझं म्हणणं थोडक्यात.

भिवंडीत १९७० च्या आणि १९८४ च्या हिंदू-मुसलमान दंगलींत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९८८ नंतर तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढारी आणि 'प्रतिष्ठित' बाजूला ठेवून त्यांनी साधी माणसं घेतली. यंत्रमागावरचे कामगार, दुकानदार, रिक्षावाले, बायका, हिंदू-मुसलमान दोन्ही. बैठक नियमित, दंगल असो नसो. विषय गटार, नळ, पोरांची भांडणं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही १९९४ ला सतीश साहनी आयुक्त असताना ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे वगैरे मंडळींनी मोहल्ला कमिटीची चळवळ सुरू केली. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा शहरांच्या जोड्या अभ्यासल्या. त्यांनाही हेच दिसलं की जिथे दोन समाजांची माणसं रोजच्या कामाधंद्यात, संघटनांत एकत्र असतात तिथे ठिणगी पेटत नाही.

मी स्वतः दुसऱ्या एका गावात हे करून पाहिलं. पहिले सहा महिने माणसं यायची, चहा प्यायची, जायची. मला वाटलं फुकट गेलं. मग एका रात्री जनावराच्या मांसाची अफवा उठली. साडेअकराला मला फोन आला तो दोन्ही मोहल्ल्यांतून, पाच मिनिटांच्या अंतरानं. दोघांनी एकमेकांना आधीच विचारून घेतलं होतं. मी पोचलो तेव्हा करायला फारसं काही उरलं नव्हतं. ते सहा महिने कशात गेले, ते तेव्हा कळलं.

तिठा
या सगळ्यात नोकरी आहे का? एम.एस.डब्ल्यू. करतोय, प्रामाणिकपणे विचारतोय.

र्‍हाइनकाठ
तिठा, आहे, पण थेट नाही. मी जर्मनीत कोलोनला राहते. बाल्कनमधल्या युद्धांनंतर इथे लोकांनी सरकारकडे मागणी लावून धरली की सैनिक पाठवायला पैसे आहेत, मग शांततेसाठी शिकलेली साधी माणसं पाठवायला का नाहीत? त्यातून १९९९ ला 'नागरी शांतता सेवा' सुरू झाली. पैसा सरकारचा, काम स्वयंसेवी आणि चर्चच्या संस्थांचं. शिकाऊ माणसं तिथे चालत नाहीत. आधी तुमचा स्वतःचा व्यवसाय आणि अनुभव हवा, मग त्यावर हे शिक्षण. शिक्षण देणारी एक अकादमी माझ्याच शहरात आहे. ऑस्ट्रियात श्लाइनिंग नावाच्या छोट्या गावातल्या जुन्या किल्ल्यातही १९९३ पासून असे वर्ग चालतात. भारतात जामिया मिलियात नेल्सन मंडेला केंद्र आहे, हैदराबादला हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट आहे, ती चौकशी करा.

मी इथे एक छोटा वर्ग केला. त्यातला एक सराव रानजाईंना उद्याच करता येईल, म्हणून सविस्तर लिहिते. मोठा कागद घ्यायचा आणि भांडणाचा नकाशा काढायचा. प्रत्येक माणसासाठी गोल, ज्याचं वजन जास्त त्याचा गोल मोठा. ज्यांचं सख्य त्यांच्यात सरळ रेघ, वैर तिथे नागमोडी, संबंध तुटलेला तिथे मध्येच छेदलेली रेघ. मग आमच्या शिक्षिकेनं विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" वर्गातल्या एकानेही स्वतःचा गोल काढला नव्हता. आपण भांडणाबाहेर आहोत असं मध्यस्थाला वाटतं, आणि तिथेच घोळ होतो. तुमच्या समितीतला कोण त्या दिराचा व्याही आहे, कोण त्याच्या दुधसंघात आहे, ते सगळं कागदावर आणा.

दुसरं म्हणजे माणूस म्हणतो काय, त्याला हवंय काय आणि त्याची गरज काय. कांद्यासारखे एकाखाली एक पापुद्रे. आपण बहुतेक पहिल्या पापुद्र्यावरच वाटाघाटी करत बसतो.

आणि काठावरचा यांच्या मुद्द्यावर. ज्यांच्यावर वार होतोय त्यांच्या बाजूला जाऊन उभं राहणं, हेही या शिक्षणात आहे. 'नॉनव्हायोलंट पीसफोर्स' ही संस्था २००२ ला दिल्लीजवळ सूरजकुंडला स्थापन झाली, पहिलं काम २००३ ला श्रीलंकेत. दक्षिण सुदानमध्ये एप्रिल २०१४ ला बोर इथल्या निर्वासितांच्या छावणीवर हल्ला झाला, तेव्हा त्यांचे दोन निःशस्त्र कार्यकर्ते एका झोपडीत बायका-मुलांसोबत होते. बंदूकधारी तीनदा आत आले आणि तीनदा म्हणाले, तुम्ही दोघं निघा, या बायकांना इथेच सोडून जा. दोघं हलले नाहीत. ओळखपत्र दाखवत शांतपणे 'आम्ही जाणार नाही' एवढंच सांगत राहिले. त्या झोपडीतली १४ माणसं वाचली. बाहेर अनेक मेली. हे वाचून मी त्या रात्री झोपले नव्हते.

पवनारची वाट
मुलांनो, मी पंचाहत्तरी ओलांडलेला. टंकायला वेळ लागतो.

तुम्ही परदेशातलं सांगताय ते ऐकून आनंद झाला. पण याचं बी आपल्या अंगणातलं आहे. जून १९३८ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी शांतिदलाच्या माणसाला काय यायला हवं ते लिहिलं. त्यातली मला पटलेली गोष्ट ही की दंगल झाल्यावर धावत जाऊन उपयोग नाही. त्या वस्तीत आधीपासून सेवेनं ओळख हवी, गुंडांशीसुद्धा ओळख हवी. त्यासाठी फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला बसायचं ठरलं होतं. त्याआधीच ३० जानेवारी आली. विनोबांनी १९५७ ला केरळच्या पदयात्रेत शांतिसेना उभी केली. त्यांचा हिशोब पाच हजार वस्तीमागे एक सैनिक, म्हणजे तेव्हाच्या देशाला सत्तर हजार. तेवढे कधीच झाले नाहीत. नारायणभाई देसाई पुढे वर्षानुवर्षं शांतिसैनिकांना प्रशिक्षण देत. १९८१ ला कॅनडात 'पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल' ही धोक्यातल्या माणसांना निःशस्त्र सोबत करणारी संस्था स्थापन झाली, तेव्हाही ते तिथे होते.

मी १९६९ ला तरुण शांतिसेनेतून अहमदाबादला गेलो होतो, दंगलीनंतर. एकोणीस वर्षांचा. शिबिरात शिकवलेलं सगळं विसरलो, फक्त तीन गोष्टी हाताशी राहिल्या. दोघांनी मिळून फिरायचं, एकट्यानं नाही. अफवा ऐकली की 'असं नाही' म्हणण्याआधी त्या जागी जाऊन यायचं. आणि हातात झाडू घ्यायचा. जळलेल्या दुकानांची राख उपसताना लोक जवळ येऊन बोलू लागले. भाषण करणाऱ्याशी कुणी बोलत नव्हतं.

रानजाईबेटा, ती बाई तुझ्याशी बोलत नाही म्हणालीस. तू तिच्याकडे गेली होतीस का?

रानजाई
आजोबा, नाही गेले. धीर झाला नाही. आता जाते.

रानजाई
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. सगळं सांगते.

आधी नकाशा काढला, घरी एकटीनंच. समितीतल्या अकरापैकी सात जणांच्या रेघा दिराकडे गेल्या. त्यात माझीही. आमच्या सोयाबीनची मळणी त्याच्या यंत्रावर होते, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मग समितीला विनंती केली की एकदा खोटं प्रकरण बसवून बघू. काहींनी नाही म्हटलं, पण पोलीस पाटील तयार झाले, तेही बाईच्या भूमिकेला. आम्ही नेहमीसारखे पाराच्या कट्ट्यावर आणि ते खाली, जिथे तक्रारदार बसतो तिथे. दहा मिनिटांत ते उठून उभे राहिले. म्हणाले, मान वर करून करून दुखली आणि कोण बोलतंय तेच कळेना, सगळीकडून आवाज येतायत. पंधरा वर्षं ते कट्ट्यावर बसतायत. आता ठरलंय, बैठक अंगणवाडीच्या खोलीत, सगळे खाली सतरंजीवर, आणि प्रत्येकाशी आधी वेगळं बोलणं. बाईचं प्रकरण असेल तर किमान तीन बायका. अ‍ॅट्रॉसिटीचं प्रकरण आलं तर काय, यावर वाद झाला. दोन जण उठून गेले. ते अजून बाकी आहे, काठावरचा, पण मी सोडणार नाही.

आणि ती. पहिल्यांदा गेले तेव्हा दार अर्धंच उघडलं. दुसऱ्यांदा काही विचारायचं नाही असं ठरवून गेले, शेंगा फोडत बसलो. तिसऱ्यांदा माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, पैसे आले त्यातले अर्धे दवाखान्यात गेले. तिला जमीन विकायची नव्हती, तिला विहिरीवरची पाळी हवी होती. पाळी मिळाली असती तर भाजीपाला लावून तिचं भागलं असतं. पाच तासांत विहीर हा शब्द आमच्यापैकी एकाच्याही तोंडात आला नव्हता.

वकीलदादा, कागदाचा फोटो व्यनि केलाय.

कोर्टकचेरी
मिळाला. नोंदणीचा शिक्का नाही, मुलींचा उल्लेखही नाही. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायला सांगा. बाईंना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याचा मृत्यूदाखला, दोघी मुलींचे जन्मदाखले, सातबारा, आठ-अ आणि वारस नोंदीचा फेरफार निघाला असेल तर तोही सोबत न्या. दिराशी पुन्हा बोलणी झालीच तर बाईंच्या बाजूनं, त्यांच्या ओळखीचं कुणीतरी शेजारी बसू द्या. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे का, ते तलाठ्याकडून आधी बघून घ्या.

रानजाई
मंगळवारी जातोय. मी तिच्याबरोबर येऊ का असं विचारलं, "ये" म्हणाली.